सुगरणीची वीण आणि कबुतराच्या चार काड्या

तळोज्याकडे जाताना खाचराच्या कडेला एखादी शिंदी दिसते आणि जूनच्या अखेरीस तिला सुगरणींची घरटी लोंबायला लागतात. एक घरटं पुरं व्हायला साधारण १८ दिवस लागतात. त्यासाठी पक्षी चोचीत एकेक पात धरून ५०० पर्यंत फेऱ्या मारतो. त्याच दिवसांत घोडबंदर रोडवरच्या एखाद्या टॉवरमध्ये, चौदाव्या मजल्यावर, एसीच्या बाहेरच्या युनिटमागे कबुतराची मादी चार काड्या, झाडूचा एक हीर आणि केबलचा तुकडा यांवर दोन अंडी घालून बसलेली असते. कारागिरीचं बक्षीस अर्थातच सुगरणीला. पण वर्षाअखेरीस उडून गेलेली पिल्लं मोजली तर कबूतर मागे पडलेलं नसतं.

कबूतर मुळात कड्याकपारीचं पाखरू. उंच, अरुंद, वरून झाकलेली कपार मिळाली की मांजर पोचत नाही, पाऊस लागत नाही, वारा अडतो. मग काड्यांना एकच काम उरतं: अंडं गडगडू न देणं. ते चार काड्यांनीही होतं. आपण टॉवर बांधताना त्याला अशा कपारी मजल्यागणिक बांधून दिल्या. शिवाय कबूतर पिल्लांना अन्ननलिकेच्या पिशवीत तयार होणारं 'दूध' पाजतं, त्यामुळे त्याला किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. वर्षभर एकामागून एक वीण चालू राहते.

म्हणजे घरटं चांगलं की वाईट हे नुसतं घरटं बघून ठरत नाही, ते कुठे आहे हे बघून ठरतं. आपला 'घरटं' हा शब्द इथे थोडी दिशाभूल करतो, कारण पक्षी घरट्यात राहत नाहीत. घरटं हा चारपाच आठवड्यांचा पाळणा. पिल्लं उडाली की बहुतेक जाती तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. या पाळण्याला अंडी पडू द्यायची नाहीत, ऊब टिकवायची आहे, पाणी आत घ्यायचं नाही, शत्रूच्या नजरेला पडायचं नाही आणि गोचिडी-पिसवांचा अड्डा व्हायचं नाही. ही सगळी कामं एकदम साधत नाहीत. जाड भिंतीचं घरटं ऊब धरतं पण लांबून दिसतं. ढोलीतलं घरटं दिसत नाही, पण साप आत शिरला तर सुटकेला दुसरं दार नाही.

यश मोजायचं कसं

"आमच्या सोसायटीत दहा घरटी सापडली, सातांतून पिल्लं उडाली, म्हणजे सत्तर टक्के यश." हा हिशेब बरोबर वाटतो आणि जवळपास नेहमी चुकीचा असतो. तिसऱ्याच दिवशी कावळ्याने उधळलेलं घरटं आपल्याला सापडतच नाही. सापडतं ते टिकलेलं. म्हणजे नापास विद्यार्थ्यांची नावं पटावरून काढून मग निकाल लावल्यासारखं होतं. हॅरोल्ड मेफील्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ मध्ये यावर साधा उपाय सुचवला: घरटी मोजू नका, घरट्यांचे दिवस मोजा.

समजा तुम्ही पाच घरट्यांवर लक्ष ठेवलं. प्रत्येक घरटं सापडल्यापासून ते उधळलं जाईपर्यंत किंवा पिल्लं उडेपर्यंत जितके दिवस गेले, त्यांची बेरीज १०० आली. त्यात चार घरटी गेली. म्हणजे रोजचा धोका १०० पैकी ४, अर्थात ४ टक्के. ऐकायला किरकोळ वाटतो. पण बुलबुलासारख्या पक्ष्याचं घरटं अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंत २८ दिवस चालतं असं धरा, आणि रोज टिकून राहण्याची शक्यता, म्हणजे ०.९६, २८ वेळा मांडून त्यांचा गुणाकार करा. उत्तर येतं ०.३२. शंभरातली बत्तीसच घरटी पार पडणार. आता रोजचा धोका निम्मा, म्हणजे २ टक्के केला तर? शंभरात ५७. एका दिवसाचा एवढासा फरक शेवटी यश पावणेदोन पट करतो. घरट्याच्या जागेत हातभर फरक पडला तर काय बिघडतं, याचं उत्तर या गुणाकारात आहे.

तो रोजचा धोका येतो कुठून? लहान पक्ष्यांच्या बहुतेक जातींत घरटी फसण्याचं सर्वांत मोठं कारण शिकार हेच असतं. वारा, पाऊस, उपासमार त्यानंतर.

पत्ता

ठाणे-नवी मुंबईत अंडीपिल्लं खाणाऱ्यांची यादी लांब आहे: कावळा, भारद्वाज, टकाचोर, मांजर, उंदीर, धामण, येऊरच्या बाजूला माकडं. प्रत्येकाची वाट वेगळी. कावळा नजरेने शोधतो आणि वरून येतो. धामण आणि उंदीर फांदी धरून चढतात. मांजराला आपलं वजन पेलणारा आधार लागतो. म्हणून 'सुरक्षित जागा' असं सरसकट काही नसतं, कोणापासून सुरक्षित हे विचारावं लागतं. बारीक डहाळीचं टोक मांजराला आणि उंदराला अडवतं, कावळ्याला नाही. ढोली कावळ्याला अडवते, धामणीला नाही. काटेरी बाभूळ दोघांनाही थोडं थोडं अडवते.

सुगरण हे सगळं एकत्र साधायला बघते, म्हणून तिचं उदाहरण तपशिलात घेण्याजोगं आहे. आधी एक दुरुस्ती. मराठीने या पक्ष्याला बाईचं नाव दिलं असलं तरी विणकाम नराचं. मादी परीक्षक. नर २० ते ६० सेंटिमीटर लांबीच्या पाती काढतो: भाताच्या, रानगवताच्या किंवा शिंदी-नारळाच्या झावळीच्या. पात हिरवीच हवी, कारण ओली पात गाठीत वळते आणि वाळली की गाठ घट्ट होते. आधी डहाळीला वेटोळी, मग एक कडं, मग त्या कड्याला वरून छप्पर. इथपर्यंत, म्हणजे शिरस्त्राणासारखा आकार यायला, आठेक दिवस जातात. इथे नर थांबतो, घरट्याला लटकून पंख फडफडवतो आणि माद्या बघायला येतात. पसंती मिळाली तर अंड्यांची खोली बंद होते आणि खाली प्रवेशाची लांब नळी विणली जाते. नाही मिळाली तर ते घरटं तसंच अर्धवट लोंबत राहतं. पावसाळ्यात झाडाखाली उभं राहून वर बघितलं तर अशी नापसंत घरटी सहज मोजता येतात.

जमल्यावर नर मादीला तिथेच सोडून शेजारी दुसरं घरटं घ्यायला लागतो. सलीम अली यांनी १९३० च्या पावसाळ्यात इथून खाडीपलीकडे, अलिबागजवळच्या किहीमला, हे रोजच्या रोज नोंदवून ठेवलं. त्याआधी सुगरणीचं कुटुंब म्हणजे एक नर, एक मादी अशीच समजूत होती.

मादी नेमकं काय तपासते? वीण किती सुबक आहे हे, असं वाटेल. भारतात झालेल्या अभ्यासात निघालं ते वेगळं: घरट्याच्या बनावटीपेक्षा जागेला ती जास्त महत्त्व देते. झाडावर उंच आणि बारीक फांदीच्या टोकाला असलेली घरटी आधी जातात. बायकोला फ्लॅट दाखवायला नेताना टाइल्सची स्तुती करणाऱ्या माणसाला ती स्टेशन किती लांब आहे हे विचारते, तसंच हे. सुगरणींच्या वसाहती बहुधा झाडाच्या पूर्व अंगाला असतात, कारण आपल्याकडचा पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपत येतो आणि झाडाचा पसारा आडोसा होतो. विणायला नुकताच लागलेला तरुण नर मात्र भलत्याच जागी, कधी तारेवरही, घरटं बांधताना दिसतो.

नळीचा उपयोग उघड आहे. खाली तोंड असलेल्या, आधार नसलेल्या नळीतून कावळ्याला आत डोकं घालता येत नाही, सापाला वळून वर चढताना पकड मिळत नाही. पण यात एक कमकुवत दुवा आहे आणि तो विणीत नाही, अंतरात आहे. पाच-पाचशे फेऱ्यांमध्ये पात आणण्याचं अंतर दुप्पट झालं की कामही दुप्पट. खाचरं बुजवून प्लॉट पडले, शिंदी उरली, तरी वसाहत का ओस पडते याचं हे एक कारण. झाड वाचवलं म्हणजे सुगरण वाचली असं होत नाही. भोवतालचं उंच गवत आणि भात हा तिचा कच्चा माल आहे, आणि पिल्लांसाठीचे किडेही तिथलेच.

दिसू नये म्हणून

शिंपी पक्षी याच्या उलट टोकाचा. तो लपतो. जेमतेम सातआठ ग्रॅमचा हा पक्षी झुडपातलं मोठं, वाकणारं पान निवडतो आणि झाडावर जिवंत असतानाच त्याचा द्रोण करतो. चोचीने पानाच्या दोन्ही कडांना बारीक भोकं पाडतो, त्यांतून कापसाचा किंवा कोळ्याच्या जाळ्याचा धागा ओवतो. धाग्याचं टोक बाहेर पिंजारलं जातं, म्हणून तो मागे सरकत नाही. सलग टाका नसतो, प्रत्येक ठिकाणी वेगळा खिळा मारल्यासारखं काम असतं. पानाची वरची बाजू बाहेर राहते, त्यामुळे बघणाऱ्याला बाकीच्या पानांतलं आणखी एक पान दिसतं. भोकं बारीक असल्याने पान करपत नाही, आणि ते करपलं तर सगळाच बेत फसतो: हिरव्या झुडपात एकटं तपकिरी पान म्हणजे कावळ्याला पाटी लावून दिल्यासारखं.

सोसायटीच्या बागेत शिंप्याचं घरटं बहुतेकदा तीन गोष्टींनी जातं. कुंपणाची कात्री. कीटकनाशकाची फवारणी, जिने पिल्लांचा चारा मरतो. आणि फोटो. फोटोसाठी बाजूची दोन पानं बाजूला केली की झाकण गेलं. पानं परत जागेवर ढकलली तरी ती पूर्वीसारखी बसत नाहीत.

शिंजीर, म्हणजे बाल्कनीत येणारा तो चिमुकला सूर्यपक्षी, लपण्याची आणखी एक तऱ्हा वापरतो. त्याची मादी कोळ्याच्या जाळ्याने गवत, सालीचे कपटे, अळ्यांची विष्ठा असं काहीबाही चिकटवून लोंबती पिशवी करते. बाजूला दार, दारावर छोटी पडवी. लांबून बघणाऱ्याला तो वाऱ्याने अडकलेला केरकचरा वाटतो, आणि दिवाळीच्या साफसफाईत कित्येक घरटी केर समजूनच काढली जातात. कोळ्याचं जाळं निवडण्यामागे चिकटपणाइतकंच ताणही कारण आहे: आत दोन पिल्लं फुगत जातात तशी पिशवीही सैलावते. बाल्कनीच्या दोरीवर असं घरटं आढळलं तर दोरी हलवू नये. दोन मीटर बाजूला सरकवलेलं घरटं आपल्याला तेच दिसतं. मादी मात्र आधीच्या जागी येऊन घिरट्या घालते, कारण तिने लक्षात ठेवलेली असते ती जागा.

कावळा लपण्याच्या भानगडीत पडत नाही. उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, उघड्या फांदीवर काटक्यांचं आणि लोखंडी तारेचं ओबडधोबड घरटं बांधतो आणि पहारा देतो. पहाऱ्यातून सुटते ती कोकिळा. तिचं पिल्लू कावळ्याच्या पिल्लांपेक्षा सुमारे तीन दिवस आधी अंड्यातून येतं आणि खाण्यात आघाडी घेतं. कावळ्याचं घरटं शेंड्याला असलं तर पाऊस कमी, मध्यावर असलं तर चांगला, असा आडाखा गावाकडे सांगतात. गंमत म्हणून ठीक. ठाण्यातला कावळा जागा ठरवतो ती पालिकेच्या छाटणीनंतर उरलेल्या फांदीच्या बेचक्यावरून.

ऊन, पाणी, चिखल

अंड्यातला जीव ३६ ते ४० अंशांच्या आसपास नीट वाढतो. तापमान २५-२६ च्या खाली गेलं तर वाढ थांबते, पण काही काळ ती सहन होते. वरच्या बाजूला मात्र फारशी सवलत नाही. चाळिशीच्या दोनतीन अंश वर काही वेळ गेला तरी अंडं वाया जातं. आपल्याकडे अंडी गार पडण्याची भीती कमी, शिजण्याची जास्त. पश्चिमेच्या भिंतीवर टांगलेली पत्र्याची किंवा प्लास्टिकची पेटी एप्रिल-मेमध्ये दुपारी तीनला भट्टी होते. आत अंडी घालून मादी ती सोडून गेली की लोक म्हणतात, माणसाचा हात लागला असेल.

टिटवीचा खेळ तर पूर्ण उन्हातच. जमिनीवर खड्यांमध्ये उथळ खळगा, त्यात चार ठिपकेदार अंडी. उबवायला जवळजवळ महिना लागतो. ऊन तापलं की पालक पोटाची पिसं पाण्यात भिजवून येतात आणि अंडी गार करतात. तिची सुरक्षितता खड्यांच्या रंगात आणि चारही बाजूंच्या मोकळ्या दृष्टीत आहे. नवी मुंबईत मोकळं माळरान कमी झालं आणि बांधकामाची खडी, रेल्वेची गिट्टी, इमारतींच्या सपाट गच्च्या वाढल्या. टिटवीच्या डोळ्यांना गच्ची म्हणजे आदर्श जागा: मोकळी, खडबडीत, मांजर नाही. अंडी तिथे उबतातही नीट. पण टिटवीची पिल्लं अंड्यातून आल्यावर काही तासांत चालायला लागतात आणि स्वतःच खाणं टिपतात. सातव्या मजल्याच्या गच्चीवर टिपायला काय आहे? कठड्याच्या पन्हाळीतून खाली पडणं, नाहीतर उपाशी राहणं.

याला जीवशास्त्रात 'परिस्थितीचा सापळा' म्हणतात. ज्या खुणा बघून हजारो पिढ्यांनी बरोबर जागा निवडली, त्या खुणा तशाच आहेत, मागचं वास्तव बदललं आहे. पक्षी चुकला असं म्हणता येत नाही, खुणेने त्याला फसवलं. समुद्र आटवायला निघालेल्या म्हणीतल्या टिटवीचीही मूळ अडचण हीच होती: जागा किनाऱ्यावर निवडली होती.

खाडीकडे वळलं की 'घरटं म्हणजे काड्या' ही कल्पना सोडून द्यावी लागते. ओहोटीला ऐरोली-वाशीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या सगळ्यांनी बघितल्यात. हे मासे चिखलात बीळ खणतात आणि काही जातींत त्याच्या आतल्या टोकाला वर वळलेली खोली असते. त्या चिखलातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. तिथे अंडी ठेवली तर गुदमरतील. म्हणून नर तोंडात हवेचा घोट भरून बिळात नेतो आणि खोलीत सोडतो. पुन्हा वर, पुन्हा घोट. अंडी त्या हवेच्या खोलीच्या छताला चिकटलेली वाढतात. जपानमधल्या एका जातीत पुढचा भागही नोंदला गेला आहे: अंडी तयार झाली की रात्रीच्या भरतीला नर तीच हवा तोंडाने बाहेर काढतो, खोलीत पाणी चढतं आणि पिल्लं बाहेर पडतात. हे सगळं चिखलाच्या घट्टपणावर टिकून आहे. भरावाच्या गाळाने किंवा डेब्रिजने चिखलाचा पोत बदलला की बीळ ढासळतं.

आणि फ्लेमिंगो? ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये झालं, २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली, सीवूड्स-नेरूळच्या पाणथळीवर मार्चमध्ये गुलाबी गर्दी असते. तरी इथे त्यांचं एकही अंडं नसतं. फ्लेमिंगो चिखलाचा सुमारे फूटभर उंच ढिगारा रचून त्याच्या माथ्यावर एकच अंडं घालतो. त्यासाठी आठवडे न् आठवडे पातळी न बदलणारं उथळ खारं पाणी आणि कुत्री-कोल्ही पोचणार नाहीत असा एकांत लागतो. तो कच्छच्या रणात मिळतो. आपल्या खाडीत दिवसातून दोनदा भरती येते, ढिगारा पहिल्याच उधाणाला विरघळेल. खाण्याची उत्तम जागा आणि विणीची उत्तम जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इथे पोट भरलं तरच तिथे अंडं होतं, हे मात्र खरं.

चिमणीची पेटी: बहुतेक कुठे चुकतात

२० मार्चला, चिमणी दिनाला, हजारो पेट्या वाटल्या जातात. त्यांतल्या बऱ्याच रिकाम्या राहतात आणि लोक चिमणीला दोष देतात. दोष बहुधा मापात असतो.

भोक ३२ मिलिमीटर, फार तर ३५. पाच सेंटिमीटरचं भोक पाडलं की साळुंकी आत शिरते आणि चिमणी बाहेर. भोकाची खालची कड तळापासून किमान १२-१५ सेंटिमीटर वर हवी. घरटं भरल्यावर पिल्लं दाराच्या पातळीला आली तर कावळा चोच घालून ओढतो. तळ १२ बाय १२ ते १५ बाय १५ सेंटिमीटर पुरतो. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. दुकानातल्या जवळजवळ प्रत्येक पेटीला ती असते, कारण माणसांना ती गोड दिसते. चिमणीला तिची गरज नाही, ती थेट कडेला पकडते. दांडीवर निवांत बसतो तो कावळा.

लाकूड १५ ते २० मिलिमीटर जाड, आतून रंधा न मारलेलं, म्हणजे पिल्लांच्या नखांना धरायला खडबडीत पृष्ठभाग राहतो. लाकडाच्या भुशाचे दाबून केलेले तक्ते आपल्या एका पावसाळ्यात फुगून उकलतात. आतून रंग, व्हार्निश काही नको. छताला पुढे चारपाच सेंटिमीटर वळचण, तळाला कोपऱ्यांत पाचसहा मिलिमीटरची चार भोकं, छताखाली बोटभर फट हवेसाठी. छत किंवा एक बाजू स्क्रूने उघडता यायला हवी.

टांगायची अडीच ते चार मीटरवर, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला. पश्चिम आणि दक्षिण टाळायची, कारण दुपारचं ऊन आणि पावसाची झोड दोन्ही तिकडून. एसीच्या गरम झोताशेजारी नको, पंख्याच्या वाटेवर तर नकोच. पेटी डुलत असेल तर ती घट्ट करा. चिमण्या जवळजवळ राहतात, त्यामुळे एका भिंतीवर दोनतीन पेट्या चालतात. दयाळाचं तसं नाही. त्याला भोक पाच सेंटिमीटरचं लागतं आणि आपल्या हद्दीत दुसरा दयाळ तो खपवून घेत नाही, तेव्हा बागेत एकच.

पेटीला लागून दाणे टाकू नका. दाण्याला कावळे आणि उंदीर येतात आणि मग पेटी त्यांच्या ध्यानात राहते. दाणा-पाणी असलंच तर दहाबारा मीटर दूर. खरं तर चिमणीच्या पिल्लांना दाणे नकोच असतात, सुरुवातीचे दिवस त्यांचं पोट अळ्या-किड्यांवर चालतं. शेजारी मेंदी, तगर, तुळस, थोडी मोकळी माती असेल तर साधी पेटीही चालते. नुसत्या पेव्हर ब्लॉकवर सुबक पेटीही रिकामी राहते.

पिल्लं उडाली की आठवड्याभराने जुना काडीकचरा काढून टाका आणि पेटी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवा. जुन्या घरट्यात गोचिडी आणि पिसवा पुढच्या विणीची वाट बघत बसतात. पक्ष्यांनाही हे जाणवतं. मेक्सिको सिटीत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की चिमण्या सिगारेटची थोटकं घरट्यात आणतात आणि जास्त थोटकांच्या घरट्यांत परजीवी कमी असतात. पुढे त्याच शहरातल्या अभ्यासात त्या थोटकांच्या विषाने पेशींतल्या गुणसूत्रांचं नुकसान होतं हेही आढळलं. शहरातला हा व्यवहार असाच, एका हाताने देतो आणि दुसऱ्याने काढून घेतो. पतंगाचा मांजा, सुतळीचे धागे, प्लास्टिकच्या पट्ट्या यांचंही तेच: विणायला मजबूत, पण पिल्लाच्या पायात गुंतले की ते उडायच्या दिवशी तिथेच लटकतं. संक्रांतीनंतर झाडांवरचा मांजा उतरवणं हे पेटी लावण्याहून मोठं काम आहे.

छाटणी कधी

पावसाळ्यापूर्वीची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते, आणि तेव्हाच कावळे, बुलबुल, तांबट घरट्यावर असतात. तांबट वाळक्या, मऊ पडलेल्या फांदीत ढोली कोरतो, म्हणजे छाटणीत सगळ्यात आधी जाणारी फांदी. ती ढोली नंतर दुसऱ्या पक्ष्यांच्याही कामी येते. जून ते सप्टेंबर विलायती शिरिषांवर बगळ्यांच्या वसाहती असतात. त्यांच्या शिटेने गाड्या खराब होतात आणि फांद्या तोडायची मागणी नेमकी तेव्हा जोर धरते. तेव्हा तोडलेल्या एका फांदीबरोबर डझनभर पिल्लं खाली येऊ शकतात. डिसेंबर-जानेवारीपासून घारी काटक्या गोळा करायला लागतात. उरले ऑक्टोबर, नोव्हेंबर. धोकादायक फांदी सोडून बाकीची छाटणी या दोन महिन्यांत बसवली तर सर्वांत कमी घरटी जातात. गाड्यांवर तेवढे महिने ताडपत्री टाकणं फांदीपेक्षा स्वस्त पडतं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं हे शिकारीतच मोडतं. शहरी झाडांसाठी १९७५ चा राज्याचा कायदा वेगळा आहे आणि त्यात वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती परवानगी हातात असली म्हणून घरट्याची मुभा मिळत नाही, हे कंत्राटदाराला कामाआधीच सांगावं आणि करवत लावण्यापूर्वी झाडाभोवती दहा मिनिटं उभं राहून चोचीत चारा घेऊन ये-जा करणारा पक्षी आहे का ते बघावं.

पिल्लू खाली सापडलं तर आधी त्याची पिसं बघा. अंगभर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या असतील तर ते उडायला शिकणारं पिल्लू आहे. त्याला जवळच्या झुडपात ठेवा आणि मांजर आवरा. पालक जमिनीवरही चारतात. उघडं किंवा सुया फुटलेलं पिल्लू असेल तर ते घरट्यात परत ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकते, ही समजूत खोटी आहे. घरटंच मोडलं असेल तर तळाला भोकं असलेली छोटी टोपली घ्या, तिच्यात जुन्या घरट्याचं गवत घाला आणि मूळ जागीच किंवा तिच्या अगदी लगत, सावलीत, घट्ट बांधा. दूध, पोळी, चोचीत पाण्याचे थेंब काहीही नको, पाणी श्वासनलिकेत जातं. लांब उभं राहून दोन तास बघा. पालक चारा घेऊन आले तर काम झालं. अंधार पडेपर्यंत कोणी आलं नाही, तर पिल्लू भोकं पाडलेल्या खोक्यात कोरड्या कापडावर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनला फोन करा.